जुन्या लाकडी कनूला बाहेरून कोणता रंग द्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १६ फुटी जुनी कनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद, हलकी होडी, हाती आली आहे, लाकडाची, वरून कॅनव्हास चढवलेली, वय साठ-सत्तर वर्षांच्या आसपास. आतलं लाकूड ठीक आहे. बाहेरचा हिरवा रंग मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकला आहे आणि काही ठिकाणी पोपडे निघून खालचा लाल दिसतो. तीन जणांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला, दोन भागांचं (रंग आणि हार्डनर मिसळून लावायचं) पॉलियुरेथेन मारा, पुढची वीस वर्षं बघायला नको. दुसरा म्हणाला, घराच्या दारांना लावतात तो ऑइल पेंट पुरेसा आहे. तिसरा म्हणाला, रंगाचा नाद सोडा, सरळ फायबरग्लास चढवा. आता यांतलं कोणाचं ऐकू आणि नेमका कोणता डबा आणू, असं तुम्ही विचारता.

डब्याचं नाव सांगते, पण आधी दोन गोष्टी बघाव्या लागतील: रंगाखाली काय आहे आणि ते किती हलतं. वीसेक वर्षं मी अशा कनूंचं काम करते आहे. "रंग खराब निघाला" म्हणून ज्या कनू माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकींचा रंग चांगला होता. खालचा थर ओला होता, नाहीतर कुजलेला, नाहीतर पुरता वाळलेला नव्हता. रंगाने फक्त ते आपल्याला दाखवलं.

ही होडी बनते कशी ते लक्षात घेतलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. १९व्या शतकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत बर्च झाडाच्या सालीची जागा कॅनव्हासने घेतली आणि ही पद्धत रुजली. वाफवून वाकवलेल्या सीडरच्या (एका हलक्या, मऊ लाकडाच्या) फासळ्या, जाडी साधारण ८ मिलिमीटर. त्यांवर जेमतेम ४ मिलिमीटर जाडीच्या सीडरच्या फळ्या, पितळेच्या बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या. फळ्यांच्या सांध्यांत गोंद नाही, भरण नाही, काही नाही. नुसतं लाकूड पाण्यात सोडलं तर चाळणीसारखं गळेल. पाणी अडवतो तो वरून ताणून बसवलेला कॅनव्हास आणि त्याच्या विणीत घोटून भरलेला फिलर. हा फिलर पूर्वी जवसाचं तेल, बारीक सिलिका आणि शिशाचा सफेता यांचा करत. रंगाचा नंबर त्यानंतर लागतो. फिलरला ऊन आणि घासपूस यांपासून वाचवणं हे त्याचं मुख्य काम.

आता या ४ मिलिमीटरच्या फळ्यांचा विचार करा. हंगामात कनूत पाणी येतं, वल्ह्यांवरून ठिबकतं, पावसाचं साचतं. फळ्या फुगतात. हंगाम संपला की ती छपराखाली कोरडी होते आणि त्याच फळ्या आक्रसून सांध्यांत फटी पडतात. हे दरवर्षी चालतं. शिवाय दगडावर टेकली की तळ आत दबतो आणि पुन्हा बाहेर येतो. ही लवचीकता म्हणजेच तिची ताकद आहे. कॅनव्हास आणि तेलाचा फिलर या हालचालीबरोबर जातात. वरचा रंगही तसाच जाणारा हवा. माझा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे: रंग होडीपेक्षा कडक असू नये, आणि पुढे कोणालाही तो काढता आला पाहिजे.

म्हणून डबा आणण्याआधी अर्धा दिवस कनू उलटी घालून बसा आणि कॅनव्हास तपासा.

पहिली जागा वरचा काठ. बाहेरची काठपट्टी स्क्रूंनी बसवलेली असते. एका टोकाकडचे चार-पाच स्क्रू सोडवून पट्टी जरा बाजूला करा आणि आतली कॅनव्हासची कडा चिमटीत धरून ओढा. कॅनव्हास कुजायला सुरुवात इथूनच होते, कारण कनू उलटी ठेवली की पाणी या फटीत साचून राहतं. कडा ओल्या कागदासारखी फाटली, तर रंगाची चर्चा तिथेच थांबवा. कॅनव्हास बदलायचा आहे. कडा घट्ट निघाली तर दुसरी तपासणी. तडकलेल्या जागी नखाने आडवं घासून बघा. तडा फक्त रंगात असेल तर नख सहज सरकतं आणि घासल्यावर खाली सलग करडा किंवा पांढुरका फिलर दिसतो. नख अडकलं आणि तड्याच्या तळाशी कापडाचे धागे दिसले, तर फिलरही फाटला आहे. तिसरी तपासणी बोटांची: तळावर टिचक्या मारत जा. घट्ट बसलेल्या ठिकाणी भरीव आवाज येतो, सुटलेल्या ठिकाणी पोकळ. तिथे तळहाताने दाबलं तर कॅनव्हास खाली-वर होतोय हेही जाणवेल.

तडे फक्त रंगात असतील तर तुमचं नशीब चांगलं आहे, घासून पुन्हा रंगवता येईल. फिलर मोजक्या ठिकाणी फाटला असेल तर तेवढ्या जागी डागडुजी करून दोन-चार हंगाम निघतात, पण मी त्याची खात्री देत नाही. तडे सगळीकडे कापडापर्यंत गेले असतील तर वर कितीही महागाचा रंग लावा, पहिल्याच हंगामात तेच जाळं नव्या रंगातून जसंच्या तसं वर येतं. वर्णनावरून सांगायचं तर "कोळ्याच्या जाळ्यासारखे" तडे आणि खाली लाल दिसणं, म्हणजे रंगाचे बरेच थर जमले आहेत आणि वरचे थर खालच्यांपेक्षा कडक आहेत. हे पहिल्या प्रकारात मोडत असावं. पण नखाची परीक्षा केल्याशिवाय ठरवू नका.

घासण्याआधी शिशाबद्दल, आणि हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली १९७८ साली. तुमची कनू त्याआधीची आहे, म्हणजे रंगात शिसं आहे असं धरूनच चालायचं. फिलरमध्ये तर ते मुद्दाम घालत, कारण त्याने कापडावर बुरशी धरत नसे. कोरडं घासू नका, मशीन लावू नका. पाण्यात बुडवून पिळलेला स्पंज आणि ओला चालणारा पॉलिश पेपर वापरा, खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, तोंडावर साध्या कापडाच्या मास्कऐवजी पी-१०० दर्जाचे फिल्टर असलेला रेस्पिरेटर हवा. मुलं आणि गरोदर बाई त्या जागेच्या आसपासही नको. कामाचे कपडे वेगळे धुवा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. गोळा झालेला गाळ मातीत किंवा मोरीत टाकायचा नाही. घातक कचरा जिथे स्वीकारतात तिथेच द्यायचा.

रंग पटकन काढायचे दोन मार्ग लोक सुचवतात, केमिकल रिमूव्हर आणि हीट गन. कॅनव्हास ठेवायचा असेल तर दोन्ही वर्ज्य. रिमूव्हरला रंग आणि तेलाचा फिलर यांतला फरक कळत नाही. तो विणीतला फिलरही मऊ करून बाहेर काढतो आणि हाती नुसतं कापड राहतं. हीट गनने तेच होतं, वर शिशाच्या वाफा. हाताने घासण्याला पर्याय नाही. १२० नंबरच्या पेपरने सुरुवात करा, पृष्ठभाग सपाट व्हायला लागला की २२०. कापडाची वीण उमटायला लागली की त्या जागी हात थांबवायचा. सगळा रंग निघालाच पाहिजे असं नाही. घट्ट बसलेला जुना रंग तिथेच राहू द्या, तो उत्तम पाया असतो. सुटा, उचललेला, कडा वर आलेला तेवढा निघाला पाहिजे.

आता तुमच्या तीन सल्लागारांकडे वळते.

दोन भागांचं पॉलियुरेथेन हा वाईट रंग नाही. काचेसारखी चकाकी, घासपूस सोसण्यात त्याच्या जवळपास कोणी येत नाही. फायबरग्लासच्या होडीवर, किंवा इपॉक्सीत बंद केलेल्या नव्या पट्ट्यांच्या कनूवर मी स्वतः तोच वापरते, कारण तिथे खालचा पाया कडक आणि स्थिर असतो. तुमच्या कनूत पाया हलतो. कडक थर हलत्या पायावर बसवला की तो एकतर तडकतो, नाहीतर फिलरला धरून त्यालाच उचलतो. दुसरी अडचण रसायनाची. त्यातलं सॉल्व्हंट इतकं तिखट असतं की खालचा जुना ऑइल पेंट सुरकुतून वर येतो. तिसरी तुमच्या फुप्फुसांची: त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि फवारताना तर हवा पुरवणारा मास्क लागतो. आणि समजा तो वीस वर्षं टिकला. एकविसाव्या वर्षी तो काढणार कोण, आणि कसा? त्याच्यासोबत कॅनव्हासही काढावा लागेल.

फायबरग्लासबद्दल माझं मत याहून स्पष्ट आहे: नको. सीडरवर त्यातलं पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. आतल्या बाजूने लाकडात पाणी मुरतच राहतं आणि बाहेरची वाट बंद होते. फळ्या आणि ग्लास यांच्यामध्ये ओल अडकते, आणि बाहेरून सुंदर दिसणाऱ्या होडीच्या फासळ्या आतून काळ्या पडायला लागतात. असं कवच काढायला मी कधी कधी आठवडे घालवले आहेत. गरम करून, वीतभर सोलून, पुन्हा गरम करून. आणि तरी रेझिनबरोबर फळीच्या चिरफळ्या निघतातच.

घराच्या ऑइल पेंटवाल्याचं म्हणणं मात्र झटकून टाकण्यासारखं नाही. ओसरी आणि जमिनीसाठी जो अल्किड इनॅमल मिळतो तो खरोखरच कामाचा आहे. जुन्या जाणत्या कारागिरांनी तो भरपूर वापरला आहे, मीही वापरला आहे. पायाखाली राहायचा म्हणून घासपूस सोसतो, आणि तेलाच्या रेझिनचा असल्याने लवचीक राहतो. भिंतींचा रंग घेऊ नका. तो मऊ असतो आणि कनू गाडीवर बांधली की पट्ट्यांना चिकटून बसतो. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक बाहेरच्या भिंतीवर चांगले टिकतात आणि पुरेसे लवचीकही असतात, पण घासायला गेलं की पेपरात गोळे होतात. पुढच्या डागडुजीत हा त्रास फार जाणवतो, म्हणून मी टाळते.

माझी निवड: एका भागाचा मरीन इनॅमल, होड्यांच्या पाण्यावरच्या भागासाठी बनवलेला. यात दोन कुळं आहेत. एक शुद्ध अल्किड, म्हणजे जुन्या ऑइल पेंटचा सुधारलेला वंशज. दुसरा युरेथेन मिसळलेला अल्किड. डब्यावर "एका भागाचं पॉलियुरेथेन" असं लिहिलेलं असतं. इंटरलक्सचा ब्राइटसाइड किंवा एपिफेन्सचा मोनो-युरेथेन ही या दुसऱ्या कुळातली नावं. अल्किड थोडा मऊ, घासायला आणि ठिगळ लावायला सोपा, चकाकी दोन-तीन हंगामांत मंद होते. युरेथेनवाला थोडा कडक, चकाकी जास्त टिकते, ओरखडा कमी पडतो. दोन्ही कॅनव्हासच्या हालचालीला पुरतील इतके लवचीक आहेत आणि दोन्ही साध्या पेपरने निघतात. कनू शांत पाण्यात चालणार असेल आणि तुम्हाला ती देखणी हवी असेल तर युरेथेनवाला घ्या. दगडांच्या नदीतून जाणार आणि दर एक-दोन वर्षांनी तळावर हात फिरवावाच लागणार असेल तर अल्किड.

"पण हा पाण्यावरच्या भागाचा रंग, आणि कनूचा तळ तर पाण्यात असतो," असं कोणी ना कोणी म्हणेलच. हे रंग दिवसचे दिवस पाण्यात बुडून राहायला केलेले नाहीत हे खरं. तसं झालं तर फोड येतात. कनू संध्याकाळी पाण्याबाहेर येते, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. शेवाळ आणि शिंपले रोखणारा जड विषारी रंग तर अजिबात नको. तो मऊ असतो, हाताला लागतो, आणि इथे त्याला काही कामच नाही.

प्रायमर लावायचा का? इथे अनुभवी लोकांतही दोन तट आहेत. मी शक्य तिथे टाळते. चांगल्या फिलरवर इनॅमल थेट धरतो आणि प्रत्येक जादा थर म्हणजे जादा वजन आणि तडकायला जादा संधी. १६ फुटी कनूवर रंगाचा एक हात वाळल्यावर साधारण पाव ते अर्धा किलो राहतो. आठ-दहा हात साठले की पाठीवर घेणाऱ्याला फरक कळतो. तुमच्याकडे जुन्या रंगाचे उंचसखल डाग उरतील, तेव्हा ते एकसारखे दिसावेत म्हणून त्याच कंपनीच्या प्रायमरचा एक पातळ हात द्यायला हरकत नाही. तो जवळजवळ सगळा घासून काढा, खळग्यांत उरेल तेवढाच राहू द्या. मोठ्या खळग्यांना इनॅमलखाली चालणारी लांबी (पुट्टी), पट्टीने ओढून, अगदी पातळ.

कॅनव्हास बदलायचाच ठरला तर एक गोष्ट सांगते, ती मला महागात पडली होती. नेहमीचा कॅनव्हास १० नंबरचा असतो, दर चौरस यार्डाला साधारण १५ औंस वजनाचा. त्यात तेलाचा फिलर घोटला की तो वरून तीन-चार दिवसांत कोरडा लागतो. आतून वाळायला चार ते सहा आठवडे लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. सुरुवातीच्या काळात एका कनूच्या मालकाला सहलीची घाई होती. बाराव्या दिवशी फिलर हाताला कोरडा लागत होता, मी रंगवून दिली. दिसायला अप्रतिम झाली होती. पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा सगळ्या अंगावर मगरीच्या कातडीसारखे चौकोनी तडे होते. वरचा रंग आधी कडक झाला, खालचा फिलर नंतर आक्रसला आणि रंगाला फाडत गेला. चूक माझी होती. कॅनव्हाससकट सगळं पुन्हा केलं, आणि तेव्हापासून फिलर वाळायच्या बाबतीत मी कोणाच्याही तारखा पाळत नाही. अंगठ्याने दाबून ठसा उमटू नये, नाक लावलं तर सॉल्व्हंटचा वास येऊ नये, आणि घासल्यावर पेपरातून कोरडी भुकटी गळावी, गोळे होऊ नयेत. तिन्ही जमलं की रंग. लवकर वाळणारे पाण्याचे फिलरही आहेत आणि त्यांवर हाच इनॅमल चालतो. मला मात्र तेलाच्या फिलरचा हात पसंत आहे.

रंगाची छटा हा तुमच्या आवडीचा भाग, तरी दोन व्यवहाराच्या गोष्टी. गडद रंग उन्हात जबर तापतो. त्याखालचं सीडर वाळतं, फटी वाढतात, आणि गडद रंगावर प्रत्येक ओरखडा पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. फार फिका घेतला तर चिखल आणि पानांचे डाग दिसतात. मधल्या छटा, शेवाळी हिरवा, करडा, विटकरी, या सगळ्यांत क्षमाशील. चकाकीचंही तसंच: पूर्ण चकाकीत जुन्या कॅनव्हासची प्रत्येक लाट, प्रत्येक खिळ्याचं डोकं मोजता येतं. साठ-सत्तर वर्षांच्या कनूला अर्ध्या चकाकीचा रंग मला जास्त शोभतो असं वाटतं, पण तो थोडा लवकर मळतो.

मूळ रंग कोणता होता हे जाणून घ्यायची इच्छा असेल तर तीही पुरी होऊ शकते. दोन्ही टोकांना आत, तळाशी, फळ्या जिथे टोकाच्या वाकवलेल्या दांड्याला मिळतात तिथे बघा. आकडे ठोकलेले असतील. घासू नका, बाजूने विजेरीचा तिरपा उजेड टाका किंवा कागद ठेवून पेन्सिल फिरवा. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ओल्ड टाउन कंपनीची कनू असेल तर त्या क्रमांकावरून कारखान्याच्या जुन्या नोंदीत ती सापडण्याची चांगली शक्यता आहे: लांबी, लाकडाची प्रत, कधी रवाना झाली आणि कोणत्या रंगात. १९७९ साली स्थापन झालेल्या वुडन कनू हेरिटेज असोसिएशनची मंडळी अशा शोधात मनापासून मदत करतात. सगळ्याच कंपन्यांच्या नोंदी उरलेल्या नाहीत. तसं असेल तर काठपट्टीखाली दडलेला रंग बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं आणि सगळ्यात खालचा थर बहुधा मूळचा असतो. तुमच्या हिरव्याखालचा लाल कदाचित तोच असेल.

दगडांतून जाणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती, मला फार आवडणारी. पाण्याच्या रेषेखाली रंगावर लाखेचं पॉलिश द्यायचं, म्हणजे शेलॅकच्या चपड्या स्पिरिटमध्ये विरघळवून तीन-चार हात. मेनच्या वाटाड्यांमध्ये ही रीत पूर्वीपासून होती. लाखेचा थर गुळगुळीत असतो, दगडावरून सरकतो, आणि घासला जातो तो हा थर, खालचा रंग वाचतो. नव्या लाखेचं स्पिरिट जुन्या थराला विरघळवून त्यातच मिसळतं, त्यामुळे ठिगळ दिसत नाही. तासाभरात कनू पुन्हा पाण्यात जाऊ शकते. मुक्कामावर एक छोटी बाटली आणि ब्रश बरोबर असला की झालं. पाण्यात राहून ती पांढुरकी पडते, वाळल्यावर बरीचशी पूर्ववत होते.

आता प्रत्यक्ष रंगवणं. आतलं वॉर्निश आधी उरकून घ्या, नाहीतर त्याचे ओघळ नव्या रंगावर येतील. काठपट्ट्या आणि कील (तळाच्या मधोमध लावलेली लांब पट्टी) काढून ठेवा; त्यांच्या कडेने रंगवण्यापेक्षा त्यांच्याखाली रंग जाऊ द्या. तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस, थेट ऊन नको, वारा नको. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवा, म्हणून भल्या पहाटे नको आणि संध्याकाळी उशिराही नको. संध्याकाळी दव बसलं तर चकाकी मरते. जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते.

दोघं असाल तर उत्तम. एकाने बारीक स्पंजच्या रोलरने दोनेक फुटांचा पट्टा पातळ लावायचा, मागोमाग दुसऱ्याने मऊ ब्रशचं नुसतं टोक फिरवून बुडबुडे मोडायचे, कोरड्या भागाकडून ओल्या भागाकडे. मागे वळून दुरुस्ती करायची नाही, कितीही हात शिवशिवला तरी. ओली कडा सुटली की सांधा दिसलाच म्हणून समजा. रंग ओढला जात असेल तर त्याच कंपनीचं थिनर पाच टक्क्यांपासून सुरू करून दहापर्यंत. पहिला हात वाईट दिसतो, सगळ्यांचाच. घाबरून जाड थर देऊ नका. जाड इनॅमल वरून साय धरतो, खाली ओला राहतो आणि दुसऱ्या हाताला सुरकुततो. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेली वेळ, बहुधा एक रात्र, आणि ३२० च्या पेपरने हलकं घासणं. तीन पातळ हात पुरतात. त्यानंतर निदान दोन आठवडे, जमलं तर चार, गाडीवर बांधू नका. रंग दुसऱ्याच दिवशी सुकल्यासारखा लागतो, पण पट्ट्यांचे वळ उमटून कायमचे राहतात.

कील पुन्हा बसवताना तिच्याखाली सिलिकॉन वापरू नका. हे मला अगदी ठळकपणे सांगायचं आहे, कारण ही चूक दुरुस्त होत नाही. सिलिकॉनचा अंश कॅनव्हासवर राहिला की त्या जागी पुढे कोणताही रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आणि घासून तो आणखीच पसरतो. होड्यांसाठी मिळणारं तेलाचं किंवा पॉलिसल्फाइडचं बेडिंग कंपाउंड लावा. आणि कीलचे स्क्रू कसण्याआधी एकदा विचार करा की ती हवीच आहे का. काढून टाकली तर भोकं व्यवस्थित बुजवावी लागतील, पण कनू वळायला हलकी होते.

किती रंग आणू, हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण विचाराल. १६ फुटी कनूचं बाहेरचं अंग साधारण ६ ते ७ चौरस मीटर भरतं आणि लिटरभर इनॅमल एका हाताला १० ते १२ चौरस मीटर पुरतो. तीन हातांना २ लिटर आणलेत तर बहुधा थोडा उरेल, आणि तो उरायलाच हवा. मोठ्या डब्यात ठेवू नका, वरच्या हवेने साय धरते. लहान काचेच्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा. वर कंपनी, छटेचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि तेच एका चिठ्ठीवर लिहून पुढच्या डेकच्या (टोकाकडच्या त्रिकोणी फळीच्या) खालच्या बाजूला चिकटवा. दोन वर्षांपूर्वी एका कनूच्या डेकखाली मला पेन्सिलीने लिहिलेली अशी ओळ सापडली होती: रंगाचं नाव, कोणत्या महिन्यात दिला, आणि "फिलर पाच आठवडे". कोणी लिहिली ते कळलं नाही. तो रंग मी दोन दिवसांत हाताने घासून उतरवला. खाली फिलर ठणठणीत होता, नवा कॅनव्हास लागला नाही.

नखाची परीक्षा आधी करा. तडा कापडापर्यंत गेला आहे की नाही ते कळवलंत तर लांबीचं आणि पहिल्या हाताचं प्रमाण तुमच्या कनूपुरतं नेमकं सांगता येईल.